बुडापुरती कल्हई

"विलीच्या टेबलावरचं काही म्हणजे काही तुझ्या घरात नेऊ नकोस हां बाय. आणि त्यानं हात धुतल्याशिवाय पोरगं त्याच्याकडं देऊ नकोस."

लिफ्टचं दार पायानं अडवून धरत शेजारच्या ॲना आंटींनी हे सांगितलं, तेव्हा त्यांची बॅग लिफ्टच्या आत होती, विली अंकल बाहेर होते आणि टॅक्सीवाला खालून फोनवर फोन करत होता. धाकट्या बहिणीच्या कंबरेचं ऑपरेशन होतं. आंटी वसईला निघाल्या होत्या, परत कधी येणार ते नक्की नव्हतं. मृणालिनीनं मान डोलावली आणि मनात म्हटलं, झालं! जन्मभराची सवय, नवऱ्याला नावं ठेवल्याशिवाय या विमानात कशा बसतील? विली अंकलनीही डोळा मिचकावला. "जा गं बाई आता. पोराचं लग्न व्हायची वेळ येईल तरी तू लिफ्टमध्येच असशील."

मुळात हात धुण्याबद्दल मृणालिनीला कुणी सांगावं, हेच हसण्यासारखं होतं. पुण्यात मायक्रोबायॉलॉजीची एम.एस्सी. केलेली बाई ती. लग्न होऊन इकडं आखातात आली, रेयांश झाला आणि सगळं शिक्षण एका स्टीलच्या पातेल्यात येऊन बसलं. बाटल्या उकळ, निपलं उकळ, जमिनीवर पडलेलं खेळणं उकळ. निनाद म्हणायचा, "एक दिवस मलाही उकळशील." ती म्हणायची, "मावत नाहीस."

निनादची नोकरी शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात. भाडं परवडतं म्हणून घर उम्म अल कुवैनला. तो उजाडताच निघायचा आणि ट्रॅफिकमध्ये पिळून निघाल्यासारखा परत यायचा. सोफ्यावर बूट न काढताच डोळे मिटायचा. मधला सगळा दिवस मृणालिनीचा आणि रेयांशचा. पोरगं दिवसा झोपायचं नाही आणि रात्री झोपू द्यायचं नाही. बाहेर ऊन असं, की गॅलरीचं दार उघडलं तर तोंडावर तव्याची वाफ यावी. बोलायला माणूस म्हणजे समोरच्या फ्लॅटमधले विली अंकल.

विली अंकलचं आयुष्य लेथवर गेलं होतं. आता ते गावातल्याच एका छोट्या वर्कशॉपमध्ये अर्धा दिवस जायचे आणि दुपारी घरी येऊन जेवणाच्या टेबलावर स्वतःचा दुसरा संसार मांडायचे. हा दुसरा संसार अर्बाबचा. अर्बाब म्हणजे त्या वर्कशॉपचे म्हातारे अमिराती मालक, जुन्या हत्यारांचे शौकीन. परवाने, कागदपत्रं, कुलपं, सगळं त्यांच्याकडं. हवा थंड असली की नेमबाजीच्या रेंजवर जाऊन ते जुन्या धाटणीचं रिव्हॉल्व्हर उडवायचे. त्या रिव्हॉल्व्हरला काडतूस नसतं. चक्राच्या एकेका घरात बंदुकीची काळी दारू मापानं ओतायची, वर शिशाची गोळी दाबून बसवायची, मागच्या बाजूला ठिणगी पाडणारी टोपी लावायची, तेव्हा कुठं एकदा बार काढायचा.

"आणि ही दारू प्रत्येक पिस्तुलाला आपापल्या मापानं लागते," अंकल समजावत. "बाजारातलं माप ढिलं. स्क्रू फिरतो, आकडा हलतो. अर्बाबना पक्कं पाहिजे. मग काय, विलीला बोलवा!"

अंकल पितळेच्या नळीचा बोटाएवढा तुकडा कापायचे, बुडाला पितळेची चकती बसवून, तार वितळवून जोडाला डाख द्यायचे, तांब्याच्या तारेचा दांडा जोडायचे आणि दांड्यावर आकडा ठोकायचे. माप बरोबर झालं का, ते बघायला त्यांच्या टेबलावर बारीक रव्याचा डबा असायचा. दारू घरात आणायची नाही, ती रेंजवरच. घरात रवा. माप भरायचं, नखानं टिचकी मारायची, वरचा ढीग पत्त्याच्या पानानं सपाट करायचा. जरूर तर कानशीचे दोन हात, पुन्हा रवा.

"अंकल, उपमा कधी देताय?" मृणालिनी विचारायची.

"आंटी येऊ दे. माझ्या रव्यात पितळेचा कीस असतो."

गोळ्याही तेच ओतून द्यायचे. त्या दिवशी खिडक्या बंद, एसी चालू, स्वयंपाकघरात जुन्या विजेच्या शेगडीवर लोखंडी पळी. वास आला की एक उदबत्ती लावायचे. मृणालिनी त्या दिवशी रेयांशला घेऊन जात नसे. धूर पोराला चांगला नाही, एवढं तिला कळत होतं. दुसऱ्या दिवशी मात्र जायची, कारण त्या टेबलापाशी रेयांश शांत बसायचा. अंकलच्या मांडीवर, अंकलचं बोट चघळत.

एकदा ती तिथंच बसून दुधाची बाटली भरत होती. डब्यातला प्लॅस्टिकचा चमचा पावडरीत बुडालेला, तो शोधायचा, भरायचा, सुरीच्या पाठीनं सपाट करायचा. अंकल हसायला लागले. "अगं तू तर आमच्या अर्बाबच्या वरताण! थांब, तुला माप करून देतो."

दोन दिवसांनी दिलंही. पितळेचं इवलंसं माप, लांब तांब्याचा दांडा, दांड्यावर आकड्याच्या जागी 'R' ठोकलेला. "आधी रव्यावर तपासलंय, मग तुझ्या पावडरीवर. डब्यातल्या चमच्याशी अगदी जुळतंय. दांडा डब्याच्या बाहेर राहील, शोधायला नको."

मृणालिनीला भरून आलं. इतक्या महिन्यांत तिचं काम सोपं व्हावं म्हणून कुणी काही केलं नव्हतं. तिनं ते तिथल्या तिथं व्हिडिओ कॉलवर चिंचवडच्या आईला दाखवलं.

"पितळेचं? बाई गं!" आई म्हणाली. "आपल्याकडं बाळाला पितळ, चांदीच. पण कल्हई आहे का? नाही तर नको हं वापरूस."

मृणालिनीनं आत बघितलं. बुडाशी, कडेकडेनं, चंदेरी चकाकत होतं.

"आहे की! अंकलनी कल्हईसुद्धा केलीय."

"मग प्रश्नच मिटला."

अंकल तेव्हा हात धुवायला आत गेले होते. त्यांनी हे ऐकलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं का? मृणालिनीनं हा प्रश्न नंतर स्वतःला फार विचारला.

माप मग रोजच्या राबत्यात पडलं. बाटल्यांबरोबर त्याच पातेल्यात, त्याच पाण्यात उकळायला लागलं. दात यायला लागले होते म्हणून रेयांश हात पुढं करायचा, ती उकळलेलं माप त्याच्या हातात द्यायची. स्वच्छच तर होतं. तो ते तासन्‌तास चघळायचा. प्लॅस्टिकचं खेळणं तोंडात घालण्यापेक्षा हे बरं, असं ती निनादला म्हणालीसुद्धा.

पोरगं हळूहळू मलूल झालं. आधी शी होईना, मग खाईना, मग रडायचाही कंटाळा आल्यासारखं नुसतं कुरकुरायला लागलं. उभं राहायला शिकला होता, तो परत बसायला लागला. निनाद म्हणाला, दातांमुळे असेल. सासूबाई फोनवर म्हणाल्या, दृष्ट लागली असेल. मृणालिनी म्हणाली, "मला काही ठीक वाटत नाही," आणि हे ती जन्मापासून रोजच म्हणत आल्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही.

बालरोगतज्ज्ञ डॉ. फिझा यांनी मनावर घेतलं. रक्त काढलं, रिपोर्ट आला आणि त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "लेड है खून में। सीसा। बहुत ज़्यादा नहीं, पर बच्चे में होना ही नहीं चाहिए। घर में कहीं से आ रहा है, ढूँढिए।" काजळ? सुरमा? सुटी हळद? रंग उडालेली खेळणी? पितळेची भांडी?

"पितळेचं एकच आहे डॉक्टर, आणि त्याला कल्हई है," मृणालिनी घाईघाईनं म्हणाली. डॉक्टरांना कल्हई कळेना. मग तिनं थोडं अभिमानानंच समजावलं, की पितळेवर कथलाचा मुलामा देतात, आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या देतात, सेफ होता है. डॉक्टरांनी मान हलवली आणि काजळाकडं वळल्या.

घरी आल्यावर तिनं काजळाची डबी कचऱ्यात टाकली. सासूबाईंनी स्वतः धरलेलं काजळ ते. निनाद चिडला. "माझ्या आईनं मला तेच लावलंय, मी मेलो का?"

"तुझं रक्त तपासलंय कुणी?"

"यल्ला, कर मग! मलाही टाक त्या पातेल्यात!"

शारजाच्या रोल्ला बाजारातून आणलेली हळद गेली, तिखट गेलं, रंगीत ठोकळे गेले. अंकलच्या गोळ्यांची शंका आली, पण ओतायच्या दिवशी पोरगं तिथं नसतंच, असं म्हणून तिनं ती सोडून दिली. घर इतकं रिकामं झालं, की बोललेलं घुमायला लागलं. ती ओल्या फडक्यानं फरशी पुसायची, खिडक्यांच्या चौकटी पुसायची, पुसता पुसता बसल्या जागी पेंगायची. बाटल्या आणि माप आता एकाऐवजी दोनदा उकळायला लागली.

पुढच्या तपासणीत शिसं वाढलेलं निघालं.

त्या दुपारी ती आईला फोन लावून नुसती रडली. आईनं रडू दिलं. मग आई वकिलासारखी एकेक वस्तू विचारत गेली आणि मापापाशी थांबली.

"ती कल्हई वरपासून आहे ना गं? आतून सगळीकडं?"

"नाही. बुडाशीच आहे."

"बुडाशीच?"

"कडेनं. वर पिवळंच आहे."

"मृणाल, नुसत्या बुडाला कल्हई कशी असेल? कल्हई भांडं तापवून आतून सगळीकडं फिरवतात. ते कल्हई नाही, ते जोडकाम आहे. नखानं ओरखडा उठतोय का बघ."

तिनं नख ओढलं. ओरखडा उठला. तिनं माप उलटं करून कडेचा चंदेरी थेंब कोऱ्या कागदावर घासला. पेन्सिल ओढावी तशी करडी रेघ उमटली.

अशी रेघ शिसंच ओढतं. अंकल रोज डाख द्यायचे. डाख द्यायचा, हे शब्द तिनं शंभरदा ऐकले होते. डाख कशाचा असतो, हे शाळेतही होतं, बी.एस्सी.लाही होतं. चंदेरी दिसलं, आणि डोक्यात लहानपणीचा दारावरचा कल्हईवाला आला, नवसागराचा पांढरा धूर आला, आईचं लखलखीत पातेलं आलं; पुस्तक आलंच नाही. मग त्यामागून लिफ्टचं दार आलं, आणि ते अडवणारा आंटींचा पाय.

समोरच्या दाराची बेल तिनं बोट न काढता वाजवली.

अंकलनी दार उघडायला वेळ लावला. "ये बाय. पोरगं कुठाय?" त्यांचा चेहरा मातीच्या रंगाचा दिसत होता. शर्टाची बटणं वरखाली लागली होती. तिनं ते पाहिलं, पण मनात घेतलं नाही.

"याचा डाख कशाचा आहे?"

"डाख? नेहमीची तार. कथील आणि शिसं. का गं?"

"शिसं! तुम्ही माझ्या बाळाच्या दुधाच्या मापाला शिसं लावलंत!"

अंकलनी माप घ्यायला हात पुढं केला. हात पुढं आला, पण पंजा मनगटातून खाली लोंबला. त्यांनी तो दुसऱ्या हातानं सावरला. "सुकी पावडर भरायला दिलं होतं मी. सुक्याला काय होतंय, असं... मी तर जन्मभर ह्याच तारेनं..."

"उकळत होते मी ते! रोज! तो चोखत होता! तुमच्या बायकोनं सांगितलं होतं मला. तिला कळत होतं, तुम्हाला नाही कळलं?"

विली अंकल टेबलाला टेकून उभे राहिले. टेबलावर रवा सांडला होता, पत्त्याचं पान त्यातच पडलं होतं. "रेयांश कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही विचारू नका," ती म्हणाली आणि निघून आली.

माप गेलं, तसं पोरगं सावरायला लागलं. लोह, कॅल्शियम, पुन्हा रक्त, पुन्हा रिपोर्ट. आकडा उतरू लागला. डॉ. फिझा पहिल्यांदा हसल्या, आणि हसता हसता म्हणाल्या, "जिन अंकल ने बनाया, उनका भी टेस्ट करवाइए। बच्चे को इतना मिला, तो उनको कितना मिला होगा?"

"हो, सांगते," मृणालिनी म्हणाली. सांगितलं नाही. कॉरिडॉरमध्ये त्यांच्या दाराची कडी वाजली, की ती आपलं दार लावून घ्यायची. रागाचं एक बरं असतं, थकलेल्या माणसाला तो काठीसारखा टेकायला होतो.

वसईहून आंटींचा फोन आला. त्यांना यातलं काही माहीतच नव्हतं. "विली फोनवर असा काय तुटक बोलतोय गं? काल मला ट्रेसी म्हणाला. मुलीचं नाव मला! जरा बघशील का बाय?"

"निनादला सांगते हं आंटी." निनादलाही सांगितलं नाही. निनाद घरी यायचा तो डोळे मिटूनच, आणि तिला तेवढं कारण पुरलं.

मग एका सकाळी कचरा टाकायला ती बाहेर आली, तर अंकलच्या दाराच्या मुठीला खालच्या ग्रोसरीची पिशवी लटकत होती. लबानची, म्हणजे ताकाची बाटली, खुबूस रोट्यांचं पाकीट. अंकलची सकाळची नेहमीची ऑर्डर. मुलगा बेल वाजवतो, पिशवी अडकवतो आणि जातो. ती आत गेली. संध्याकाळी पुन्हा बाहेर आली, तरी पिशवी तिथंच. लबानच्या बाटलीवरचं दव सुकून गेलं होतं.

मृणालिनी पिशवीकडं बघत उभी राहिली. कडेवरचा रेयांश त्या दाराकडं हात करून उसळ्या मारायला लागला. "अंका," तो म्हणाला. "अंका."

तिनं बेल वाजवली. पुन्हा वाजवली. मग आंटींनी देऊन ठेवलेली किल्ली आणायला घरात धावली. किल्ली इतके दिवस फ्रिजवर, काजळाच्या डबीच्या मोकळ्या जागेशेजारी पडून होती.

विली अंकल टेबलाशी खुर्चीत बसले होते, पोट धरून. समोर अर्धवट माप होतं, रव्याचा डबा आडवा पडलेला. एसी चालू होता, खिडक्या बंद होत्या. त्यांनी वर बघितलं. "ॲना," ते म्हणाले, "विमान चुकलं का तुझं?"

"मी मृणालिनी, अंकल."

त्यांना ओळख पटायला वेळ लागला. पटली, तेव्हा त्यांनी आधी हात टेबलाखाली घेतले. "पोराला आत आणू नकोस. मी धुतले नाहीत."

ती रेयांशला घेऊन दारातच खाली बसली, तिथूनच तिनं ॲम्ब्युलन्सला फोन लावला, मग निनादला. निनाद ट्रॅफिकमधून ओरडत होता, "श्वास घेतायत का? बोलत राहा त्यांच्याशी, बोलत राहा!" तिनं रेयांशचे रिपोर्ट सांगितले. आकडा कुठून कुठं उतरला, काल तो कसा पुन्हा उभा राहिला, सोफ्याला धरून कसा दोन पावलं चालला. विली अंकल ऐकत होते की नाही, कळत नव्हतं. पण ती थांबली, की त्यांचे डोळे तिच्याकडं यायचे.

हॉस्पिटलात त्यांच्या रक्तातला आकडा बघून डॉक्टरांनी मशीन चुकलं असेल म्हणून पुन्हा तपासलं. मशीन चुकलेलं नव्हतं. गोळ्या ओतताना बंद खोलीत ते किती वर्षं काय हुंगत होते, ते मशीननं बरोबर मोजलं होतं. रक्तातलं शिसं बाहेर काढणारं औषध सुरू झालं. आंटी पोचल्या तेव्हा अंकल त्यांना ॲनाच म्हणाले. आंटींनी ते ऐकलं आणि मगच रडल्या.

मृणालिनीला त्यांनी एकच विचारलं. "मी तुला सांगितलं होतं ना गं?"

"हो आंटी."

"ऐकायचं होतंस."

"हो."

आंटींनी डबा उघडून सूप ओतलं. सूपची वाटी तिच्या हातात दिली आणि नर्सला शोधायला गेल्या. शिशानं नस दुबळी झाल्यामुळं अंकलचा पंजा अजून लोंबत होता, चमचा धरवत नव्हता. परत येईल, न येईल, इन्शाल्ला, असं डॉक्टर म्हणाले होते. लेथवरच्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही. मृणालिनीनं चमचा भरला, सवयीनं कडेला टेकवून सपाट केला. अंकलच्या ते लक्षात आलं.

"अर्बाब," ते पुटपुटले, आणि सूप प्यायले.

रेयांश आता चालतो, धावतो, पडतो. रिपोर्ट आले की मृणालिनी आधी स्वतः वाचते आणि मग फोटो काढून वसईला पाठवते. अंकल-आंटी तिकडं परत गेले. समोरच्या फ्लॅटमध्ये दुसरं कुणी आलं आहे. तिची झोप अजून पुरी होत नाही. जुन्या सवयी कुठं जातात? मात्र बाटल्यांइतकंच तिचं लक्ष आता कॉरिडॉरमधल्या दारांकडंही असतं. भेटेल त्याला ती एकच गोष्ट सांगते, आणि हे वाचणाऱ्याला तिचं सांगणं तेच आहे. तुमच्या मजल्यावर असा कुणी एकटा माणूस असेल, आयुष्यभर बंद खोलीत धातू वितळवत, डाख देत, बॅटऱ्या फोडत आलेला, तर आज त्याची बेल वाजवा. त्याच्यावर रागावला असाल, तर आधी त्याचीच. नुसतं 'कसे आहात' विचारू नका, तो 'बरा आहे' म्हणेल. दोन्ही हात पुढं करा म्हणावं, आणि पंजे वर राहतात का ते बघा.